मुलगा मिलानला, आम्ही सोलापूरला. उत्तर इटलीतली छोटी गावं, हातात ११ दिवस, कुठली धरू कुठली सोडू?

चित्रकला_बाई

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशेबच नाही. मुलगा गेल्या वर्षापासून मिलानला नोकरीला आहे, त्याचं म्हणणं आई-बाबा सप्टेंबरच्या शेवटी या, तेव्हा ऊनही उतरलेलं असतं आणि गर्दीपण. शनिवार-रविवार तो सोबत, बाकीचे दिवस आम्ही दोघंच.

इथल्या एका टूरवाल्याकडं चौकशी केली तर त्यानं रोम पिसा फ्लोरेन्स व्हेनिस सगळं आठ दिवसांत बसवून दिलं, पिसाला ४५ मिनिटं! मनोरा ढकलल्यासारखा हात करून फोटो काढायचा आणि परत बसमधे. तसं नको वाटतं. फळ्यावर पर्स्पेक्टिव्ह शिकवताना ज्यांची नावं आयुष्यभर घेतली त्यांनी ज्या भिंतीवर काढलं त्याच भिंतीवर ते बघायचंय, म्युझियममधे नंबर लावून नाही. आणि गाव असं पाहिजे की संध्याकाळी चालत एक चक्कर मारली की संपलं.

आता अडचणी. आमच्या मिस्टरांचे गुडघे. हे एसटीत कंडक्टर होते, देवळं-चर्चं दोनच्या वर झाली की तिसऱ्याच्या पायरीवर बसतात आणि म्हणतात तू जाऊन ये, मी चपला सांभाळतो. तिथं चपला काढत नाहीत हे सांगून झालंय. दोघं शाकाहारी, मला अंडं चालतं, यांना नाही. इंग्रजी कामापुरतं, इटालियन शून्य.

मुलानं यादी पाठवलीय: बर्गामो, क्रेमोना, मांतोवा, व्हेरोना, विचेन्झा, पादोवा, फेरारा, मोदेना, पार्मा, राव्हेना. अकरा दिवसांत दहा गावं. म्हणजे हाही टूरवालाच झाला की! कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा, कुठलं धरू आणि कुठलं सोडू.

मोकळाढाकळा

बाई नमस्कार. मी मूळचा विजापूर वेशीचा, मशीनच्या कामासाठी तीन वर्षं ब्रेशाला होतो, तुमच्या यादीतली नऊ गावं बघितलीत, काही दोन-तीनदा. पहिलं काम, यादीतली निम्मी नावं खोडा. ही गावं तासाभराच्या अंतरावर असतात म्हणून एका दिवसात दोन उरकावी वाटतात, तिथंच माणूस फसतो. तिकडं दुपारी बारा-साडेबाराला बरीच चर्चं बंद होतात ती तीन-साडेतीनला उघडतात, म्हणजे दुसऱ्या गावात तुम्ही बरोबर कुलूप बघायला पोचता. तीन गावांत मुक्काम करा, आजूबाजूचं तिथनंच बघा.

माझ्या मते पहिला मुक्काम मांतोवा. गाव तीन बाजूंनी पाण्यात आहे. मिन्चिओ नदी अडवून बाराव्या शतकात ही तळी केली, आणि आपल्याकडं सिद्धरामेश्वरांचं तळंही त्याच शतकातलं, त्यामुळं मला तर पहिल्याच संध्याकाळी पुलावरनं गाव बघताना गड्ड्याच्या जत्रेच्या वेळचा तळ्याकाठ आठवला. (डासही आठवले. क्रीम न्या.)

तिथं गोंझागा घराण्याचा राजवाडा आहे, त्याच्या किल्ल्याच्या बुरुजात एक खोली, कामेरा देलि स्पोझी. खोली कसली, आपल्या वाड्यातल्या माजघराहून थोडी मोठी, साधारण आठ बाय आठ मीटर. आंद्रेआ मान्तेन्यानं ती रंगवायला १४६५ ला घेतली आणि १४७४ ला संपवली, नऊ वर्षं एका खोलीला! एका भिंतीवर लुदोविको गोंझागा हातात पत्र धरून बसलाय, सेक्रेटरीकडं वळून काहीतरी विचारतोय, खुर्चीखाली कुत्रं निवांत पडलंय. बायको, पोरं, दरबारी, सगळे आपल्या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी असतात तसे इकडंतिकडं. कोणीच फोटोला उभं राहिल्यासारखं नाही.

आणि मग वर बघायचं. छताला मधोमध गोल भोक पाडल्यासारखं दिसतं, त्यातनं निळं आकाश, कठड्यावरनं बाया खाली वाकून तुमच्याकडं बघत हसतायत, पंख असलेली बाळं कठड्याला बाहेरनं लटकलीत, एक मोर आहे, आणि एक झाडाची कुंडी एका काठीवर तोलून ठेवलीय, कुणी काठी ओढली की थेट तुमच्या टाळक्यात. सगळं सपाट चुन्यावर काढलेलं. तुम्ही पोरांना व्हॅनिशिंग पॉइंट फळ्यावर समोर दाखवता, या माणसानं तो डोक्यावर नेऊन ठेवला. मी मेकॅनिकलवाला, मला चित्रातलं कळत नाही, तरी मी खालनं जागा बदलून बदलून बघत होतो कुंडी कुठनं पडेल ते. २०१२ च्या भूकंपात राजवाड्याला धक्का बसला होता, ही खोली २०१५ पर्यंत बंद होती, आता उघडी आहे. एका वेळी थोडीच माणसं सोडतात, गर्दीच्या दिवसांत वेळ आधी घेऊन ठेवा. सोमवारी राजवाडा बंद.

गावाच्या दुसऱ्या टोकाला पालाझ्झो ते, जुलिओ रोमानोनं १५२५ पासून बांधला आणि रंगवला. त्यात राक्षसांची खोली आहे, भिंत आणि छत यांचा कोपराच दिसत नाही, सगळीकडनं खांब आणि डोंगर कोसळतायत आणि खाली राक्षस चेंगरतायत. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. काकांना तिथं उभं करा, शंभर किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट असलेल्या माणसाला काय वेगळं सांगायचं.

एक अर्धा दिवस साब्बियोनेता. रेल्वे नाही, मांतोवातनं बस, साधारण ३० किलोमीटर. वेस्पासियानो गोंझागा नावाच्या एकानं सोळाव्या शतकात मोकळ्या रानात आखून गाव वसवलं, तट, चौक, राजवाडा, थिएटर, सगळं कागदावर ठरवून. १५९१ ला तो मेला आणि गावातली वर्दळ ओसरली ती ओसरलीच. थिएटर स्कामोझ्झी नावाच्या वास्तुकारानं १५८८ ते १५९० मधे बांधलेलं, अजून आहे. दुपारी दोन वाजता चौकात मी आणि एक मांजर एवढेच होतो. मांतोवा आणि साब्बियोनेता दोन्ही मिळून २००८ ला जागतिक वारशात घेतलीत.

पार्कचौक_फिरस्ता

एवढे लाख-दोन लाख घालून इटलीला जायचं आणि व्हेनिस नाही, रोम नाही? परत आल्यावर पाहुणे काय बघितलं विचारणार, तेव्हा साब्बियो का काय ते सांगणार का? मी पॅकेजनं गेलो होतो, मस्त झालं, रोज रात्री गरम वरण-भात होता बसबरोबर. वयाचा विचार करा बाई.

माग_आणि_मी

@पार्कचौक_फिरस्ता पाहुण्यांना पिसाचा फोटो एडिट करून पाठवू की अण्णा, त्यात काय एवढं.

बाई, माझं ऐकाल तर फेरारा. थोडं लांबतंय पण सांगतो. आमचे साखर पेठेत आजोबांपासनं माग. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर, मी आता टॉवेलचं बघतो. २०२३ च्या जूनमधे मिलानला टेक्स्टाइल मशिनरीचं मोठं प्रदर्शन होतं, त्याला गेलो होतो, प्रदर्शन संपल्यावर दोन दिवस मोकळे होते आणि हॉटेलात एकानं सांगितलं फेराराला जा, सायकलींचं गाव आहे, सपाट आहे. गेलो. उकाडा असा की सोलापूरचा मे बरा, आपला उन्हाळा निदान कोरडा असतो, तिथं घाम वाळतच नाही. तुम्ही सप्टेंबर एंडला जाताय, तेव्हा चांगलं असेल.

गावाच्या मधोमध देस्ते घराण्याचा किल्ला आहे, १३८५ चा, चारी बाजूंनी खंदक आणि खंदकात अजून पाणी. आपल्या भुईकोटाचा खंदक आठवून मला जरा वाईटच वाटलं. पण मी सांगतोय ते पालाझ्झो स्किफानोयाचं. नावाचा अर्थच कंटाळा पळवणे असा काहीतरी होतो, ड्यूक लोकांची मौज करायची हवेली. त्यात वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल आहे, बारा महिन्यांची बारा चित्रं, साधारण १४६९-७० ची. मधल्या काळात कुणीतरी वरनं चुना मारून टाकला होता, एकोणिसाव्या शतकात खरवडून काढलं तेव्हा खालनं निम्म्याहून थोडी जास्त नीट निघाली, बाकीची गेलीच.

मी आपलं बघत बघत मार्च महिन्याखाली आलो. वर मिनर्व्हा देवी रथात, रथाला एकशिंगी घोडे. तिच्या एका अंगाला पंडित लोक पुस्तकं घेऊन, आणि दुसऱ्या अंगाला बायांचा घोळका आणि त्यांच्यात माग. बाई, माग! खराखुरा, ताणा लावलेला, आणि बाकीच्या सुईदोऱ्याचं काम करतायत, एकीमेकीत बोलतायत. मी बाराएक मिनिटं तिथंच. ताणा कसा बांधलाय, हात कुठं आहे, बघत बसलो. तिथली राखणदार बाई दोनदा माझ्याकडं बघून गेली, तिला वाटलं असेल याला काय झालं. मी मोबाईलवर आमच्या मागाचा फोटो काढून दाखवला तर ती हसली आणि हातानं धोटा फेकल्यासारखं करून दाखवलं.

मग तिथंच कळलं की हा भाग फ्रान्चेस्को देल कोसा नावाच्या चित्रकारानं काढलाय. आणि या कोसानं २५ मार्च १४७० ला ड्यूक बोर्सोला तक्रारीचं पत्र लिहिलं, ते पत्र अजून आहे. तक्रार काय, तर तुम्ही फुटाला दहा बोलोन्यिनी (तिथलं तेव्हाचं नाणं) रेट लावलाय, सगळ्यांना सारखा, मी एवढं चांगलं काम करतो, नाव कमावलंय, आणि मला त्या बाकीच्यांच्या रांगेत बसवता? ड्यूकनं रेट वाढवला नाही. कोसा सरळ बोलोन्याला निघून गेला. आमच्याकडं पीसवर मजुरी असते, चांगला विणकर आणि हलका विणकर एकच रेट, या विषयावर आमच्या वडलांचं आणि कारागिरांचं अख्खं आयुष्य भांडण चाललं, ते तिथं साडेपाचशे वर्षं जुनं सापडलं.

आणि अजून एक गंमत. प्रत्येक महिन्याच्या मधल्या पट्ट्यात गडद निळ्यावर राशीचं चिन्ह आणि तीन-तीन विचित्र माणसं आहेत. मेष राशीजवळ एक काळासावळा माणूस, कमरेला दोरी, फाटका झगा. हे कोण ते बरीच वर्षं कुणाला कळत नव्हतं. १९१२ ला आबी वारबुर्ग नावाच्या जर्मन अभ्यासकानं दाखवून दिलं की हे द्रेष्काण आहेत, राशीचे तीन भाग, आणि यांची वर्णनं वराहमिहिराकडनं अरबांमार्फत तिथं पोचली. आपण दाते पंचांगाच्या गावचे लोक, आपल्याला हे माहिती नको?

कोमोलापण जाऊन या जमलं तर, मिलानपासनं तासाभराच्या आत. सगळे तळं बघतात, तिथं रेशमाचं म्युझियम आहे, जेकार्डचे जुने माग, छपाईचे ठसे. रेशीम आता बहुतेक चीनमधनं येतं, छपाई आणि फिनिशिंग तिथं. माझ्यासारख्याला आवडेल, तुम्हाला तेवढं नाही कदाचित.

चित्रकला_बाई

वा वा, किती दिलंत! द्रेष्काण शब्द वाचून दाखवला तर आमचे हे पेपर खाली ठेवून उठून बसले, यांना पत्रिकेचं वेड. म्हणतात त्या काळ्या माणसाला मी बघणारच. चला, फेरारा पक्कं.

कोसाचं पत्र वाचून हसू पण आलं. आम्हालापण एका समारंभाच्या भिंतीचित्राचं मानधन म्हणून एकदा शाल-नारळ मिळाला होता, कुठं ते सांगत नाही 😄

जेवणाचं कोणीतरी सांगा हो.

कडकभाकरी

वहिनी, जेवणाचं मी सांगते. माझी बहीण पार्माला राहते, मी दोन महिने राहून आलेय, तेव्हा हे पाठच झालंय.

भाऊजींना अंडं चालत नाही ना, मग या भागात जपून. दक्षिणेकडं पास्ता पीठ-पाण्याचा असतो, पण एमिलियात म्हणजे फेरारा, पार्मा, मोदेना इथं ताज्या पास्त्यात अंडं असतंच, तालियातेल्ले, तोर्तेल्ली, लाझान्या सगळ्यात. सुका पास्ता, स्पॅगेटी पेन्ने वगैरे, बहुतेक बिनअंड्याचा. विचारायचं "सेन्झा उओवो?" म्हणजे अंड्याशिवाय. रिसोत्तो दिसायला निरागस भात, पण शिजवतात बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात, तेव्हा "ब्रोदो वेजेताले" आहे का ते विचारा. फेराराचा तो पिळाचा पाव, कोप्पिया, फार सुंदर दिसतो, त्यात डुकराची चरबी असते. पियादिना म्हणजे आपल्या चपातीची जाड बहीण, तिच्यातपण जुन्या पद्धतीत चरबीच, तेलातली मिळते, विचारून घ्या. पार्मेझान चीज जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच "सेन्झा फोर्माज्यो" म्हणायचं. वहिनी तुम्हाला अंडं चालतं, तर मांतोवात लाल भोपळ्याचे तोर्तेल्ली खाच, गोडसर असतात, बदामाची बिस्किटं आणि मोहरीतला फळांचा मुरंबा घातलेला असतो आत. भाऊजींना पोलेंता, मक्याच्या कण्यांचं घट्ट पिठलं समजा, नाहीतर पिझ्झा मरिनारा, त्यात चीजच नसतं.

वेळ पाळा. दुपारी अडीचनंतर किचन बंद, संध्याकाळी सात-साडेसातच्या आधी कोणी वाढत नाही. आपण सहाला भूक लागली म्हणून फिरत बसतो. बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, फसवणूक नाही ती, पाव-टेबलाचे. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली की स्वस्त, बसलं की बऱ्याच ठिकाणी महाग.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या, कडक भाकरीसारखं प्रवासाला दुसरं काही नाही, दोन आठवडे हलत नाही. पण तूप, पेढे, खवा नका नेऊ, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं आणायला बंदी आहे तिकडं. माझा किलोभर पेढा विमानतळावर गेला. बहीण माझ्यापेक्षा पेढ्यासाठी जास्त रडली.

पादोवावाली

बाई!! ओळखलंत का, आठवी ब, तुम्ही माझं स्टिल लाइफ पूर्ण पुसून परत काढायला लावलं होतं. मी पादोवाला एक वर्ष शिकायला होते. यादीतनं काहीही खोडा, पादोवा खोडू नका.

स्क्रोवेन्यी चॅपेल. बाहेरनं साधी विटांची खोली, काहीच नाही. आतलं सगळं जोत्तो या चित्रकाराचं, २५ मार्च १३०५ ला चॅपेलचा समारंभ झाला, तेव्हाचं. तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढावं लागतं, दिवस आणि वेळ ठरलेली. आधी एका काचेच्या खोलीत १५ मिनिटं बसवतात, आपल्याबरोबरची धूळ आणि दमटपणा आत जाऊ नये म्हणून हवा कोरडी करतात. मग दार उघडतं आणि आत बरोबर १५ मिनिटं. २५ माणसं. मग हाकलतात.

पहिल्या वेळी मी घोळ केला, पंधरा मिनिटं नुसती वर बघत राहिले. अख्खं छत निळं आणि त्यात सोनेरी तारे. दुसऱ्या वेळी तुमची आठवण ठेवून गेले आणि जवळनं बघितलं. तुम्ही सांगायचात ना ओल्या चुन्यावरचा रंग आणि सुक्यावरचा रंग, ते तिथं डोळ्यांनी दिसतं. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचे, त्याचे जोड नीट बघितलं की सापडतात, चादरीला ठिगळ लावल्यासारखी बारीक रेघ. आणि मरियमचा झगा बऱ्याच चित्रांत पांढुरका पडलाय, कारण तो भारी निळा ओल्या चुन्यात टिकत नाही म्हणून सुक्यावर लावला, आणि तोच सातशे वर्षांत पोपडे होऊन गेला. महागातला रंग गेला, साधा गेरू तसाच. तो नऊवारीवाला पोपटी आठवला का, दरवर्षी आमच्या पोस्टर कलरचा पहिला तोच संपायचा? :)

आल्यावर उजवीकडं-डावीकडं धावू नका, आधी दारावरच्या भिंतीकडं वळून बघा, शेवटच्या निवाड्याच्या चित्रात एन्रिको स्क्रोवेन्यी गुडघ्यावर बसून चॅपेलचं मॉडेल देतोय. बाप रेजिनाल्दो सावकार होता, दान्ते कवीनं आपल्या काव्यात त्याला नरकात टाकलाय. पोरानं चॅपेल बांधलं.

शेजारीच एरेमितानी चर्च. त्यात मान्तेन्याचं तरुणपणीचं मोठं काम होतं, ११ मार्च १९४४ ला बॉम्ब पडला आणि बहुतेक सगळं गेलं, आता तुकडे जोडून लावलेत. जोत्तो तिथनं काही पावलांवर होता, वाचला. या गोष्टी लागोपाठ बघा.

पादोवातनं विचेन्झा अर्ध्या तासाच्या आत. तेआत्रो ओलिम्पिको हे थिएटर बघा फक्त, वास्तुकार पल्लादिओचं शेवटचं काम, तो १५८० ला गेला, १५८५ ला पहिला खेळ झाला. स्टेजच्या मागं लाकूड-प्लास्टरच्या गल्ल्या आहेत, लांबच लांब वाटतात, आहेत थोड्याच मीटरच्या. पर्स्पेक्टिव्हचा धडा लाकडात, तुमच्यासाठीच केल्यासारखा.

मोकळाढाकळा

पादोवा बरोबर आहे, मी विसरलोच.

एक राहिलं, गाडीचं. रेज्योनाले म्हणजे आपली पॅसेंजर. रिझर्व्हेशन नाही, भाडं ठरलेलं, आधी घ्या की स्टेशनवर घ्या सारखंच. पण कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या छोट्या मशीनमधे घालून शिक्का मारायचा, आणि मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं. मी पहिल्या आठवड्यात तिकीट खिशात ठेवून निवांत बसलो, चेकर आला, मी अभिमानानं कोरं तिकीट दिलं. दंड झाला. चूक माझीच, मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, वाचलं कुणी.

आणि क्रेमोना मिलान-मांतोवा लाइनवरच आहे, मधे उतरा दोन-तीन तास. स्त्रादिवारी, आमाती, ग्वार्नेरी हे नावाजलेले व्हायोलिन करणारे सगळे तिथले, व्हायोलिनचं म्युझियम आहे, गल्ल्यांत शंभराच्या वर व्हायोलिनवाल्यांची दुकानं, दार उघडं असेल तर आत रंधा मारताना दिसतात. मिरजेला सतारमेकर गल्लीतनं गेलात तर जसं वाटतं तसंच, फक्त तिकडं भोपळ्याऐवजी मेपल. बाजूला तोराझ्झो मनोरा आहे, ५०२ पायऱ्या. काकांना सांगूच नका.

राव्हेना_फॅन

इतकं सगळं लिहिलंत आणि राव्हेना कुणीच नाही?? फेराराहून थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास. सान व्हिताले चर्च ५४७ ला पूर्ण झालेलं, अजिंठ्याची बरीच लेणी जेमतेम त्याच्याच आगंमागंची. भिंतीवर राजा जस्टिनियन आणि राणी थिओडोरा, काचेच्या तुकड्यांत. गाल्ला प्लासिदिया या रोमन राणीच्या नावाच्या समाधीत खिडक्यांना अलाबास्टर दगडाच्या पातळ चकत्या, मधासारखा उजेड आणि वर गडद निळं. सोनेरी तुकडे म्हणजे दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख, आणि ते मुद्दाम सरळ बसवत नाहीत, थोडे वाकडे, म्हणून आपण चाललो की भिंत हलते. जागा सपाट आहे, गुडघ्यांना काही त्रास नाही.

मोकळाढाकळा

मी राव्हेनाच्या विरोधात नाही हो, पण एका दिवसात पाच इमारती एका तिकिटावर बघून काका तिसऱ्या पायरीवर बसणार. दोनच करा, सान व्हिताले आणि समाधी, दोन्ही एकाच आवारात आहेत. बाकी सोडा.

चित्रकला_बाई

मंडळी, किती आभार मानू. आठवी ब, तुला ओळखलं, ते स्टिल लाइफ खरंच वाईट होतं गं, तांब्याला बूडच नव्हतं.

आता असं ठरवलंय: मिलानला मुलाकडं दोन रात्री, रविवारी त्याच्याबरोबर बर्गामो कारण तिथं वर जायला फ्युनिक्युलर (दोरानं ओढायची डोंगरगाडी) आहे म्हणतो. मग क्रेमोनात उतरून मांतोवा तीन रात्री, त्यात साब्बियोनेता. फेरारा तीन, त्यात एक दिवस राव्हेना, दोनच इमारती. पादोवा दोन, त्यात विचेन्झा. शेवटची रात्र परत मिलान. मोठी बॅग मुलाकडं ठेवून छोटीच घेऊन फिरणार. व्हेरोना, पार्मा, मोदेना खोडलं, हात थरथरला पण खोडलं. जोत्तोचं तिकीट मुलगा आज रात्री काढतोय. इन्शुरन्सचं त्यानं सांगितलंय, ३० हजार युरोचं कव्हर लागतं व्हिसाला.

एकच राहिलं. हे विचारतायत, साब्बियोनेताच्या बसमधे कंडक्टरची सीट पुढं असते का मागं?

मोकळाढाकळा

बाई, कंडक्टर नसतो तिकडं. तिकीट आधीच दुकानातनं नाहीतर मोबाईलवर काढायचं आणि चढल्यावर मशीनमधे स्वतःच शिक्का मारायचा. काकांना जरा बेतानं सांगा.

चित्रकला_बाई

सांगितलं. गप बसलेत. आता म्हणतायत मग तिकीट कोण फाडतं.